शाळा सुटल्यानंतरचे पाच तास

बदलीचा आदेश हातात पडला तेव्हा मे महिन्याचा शेवटचा आठवडा चालू होता. पुण्यातील शाखेतून मोकळे होऊन पंधरा दिवसांत रत्नागिरीच्या शाखेत रुजू व्हायचे होते. मुलगी तिसरीत होती, धाकटा मुलगा पावणेतीन वर्षांचा होता आणि त्यांच्या बाबांना पुण्यातील नोकरीतून सुटायला निदान चार महिने लागणार होते. माझ्या आधीच्या दोन बदल्या मुले होण्यापूर्वीच्या, त्यामुळे सामान बांधणे, गॅसचा नंबर हलवणे आणि भाड्याचे घर बघणे यापलीकडे बदलीत काही असते हे मला ठाऊकच नव्हते. या वेळी मुलांची व्यवस्था लावताना जे कळले ते कोकणात बदलून येणाऱ्या आणखी कोणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी सुरुवात केली ती शाळेपासून. बदली झाली म्हटल्यावर जो तो पहिला प्रश्न विचारतो तो शाळेचाच, आणि आपणही त्याच प्रश्नाच्या मागे लागतो. चार ठिकाणी फोन करून मी शाळा ठरवली, मग शाळेच्या जवळ म्हणून नाचणे रस्त्याच्या बाजूला घर घेतले आणि सगळ्यात शेवटी, सामानाचा टेम्पो आंबा घाट उतरून आल्यावर, मुलांना दुपारी कोण सांभाळेल याची चौकशी सुरू केली. दोन आठवड्यांत ही सगळी मांडणी मोडून पुन्हा लावावी लागली. मुलीची शाळा नऊला भरते आणि पावणेदोनला सुटते. मी घरी पोहोचते साडेसहाच्या सुमारास, आणि मार्चअखेरीला त्याहूनही उशिरा. मधले जवळजवळ पाच तास पुण्यात कधी मोजावेच लागले नव्हते, कारण सासूबाई होत्या, खालच्या मजल्यावरच्या आजी होत्या आणि अगदीच कोणी नसले तर सोसायटीच्या फाटकाशीच एक पाळणाघर होते. नव्या गावात यातले काहीच नसते. म्हणून माझे आता स्पष्ट मत झाले आहे की बदलून जाणाऱ्या कुटुंबाने आधी हे तास कोणाच्या हाती द्यायचे ते ठरवावे, त्या ठिकाणाहून जाता-येता येईल अशी शाळा बघावी आणि घर सर्वांत शेवटी घ्यावे. घर अकरा महिन्यांच्या करारावर बदलता येते. सांभाळणारे माणूस एकदा मुलाला लळा लावून बसले की ते बदलणे मुलाच्या जिवावर येते.

रत्नागिरीसारख्या गावात पाळणाघर शोधण्याची रीतही वेगळी आहे. मोठ्या शहरात पाटी दिसते, माहितीपत्रक मिळते, शुल्काचा तक्ता मिळतो. इथे अजूनही पुष्कळ घरांत आजी-आजोबा सोबत असतात किंवा हाकेच्या अंतरावर असतात, त्यामुळे पाळणाघराची गरज लागते ती मुख्यतः आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना, म्हणजे बँक, पोस्ट, रेल्वे, न्यायालय, महाविद्यालय, बंदर आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना. परिणामी पाळणाघरे आहेत, पण बहुतेक घरगुती आहेत, त्यांना पाटी नाही आणि त्यांची माहिती तोंडोतोंडी फिरते. मला नेटवर दोनच नावे सापडली होती. प्रत्यक्षात मारुती मंदिर ते साळवी स्टॉप एवढ्या पट्ट्यात मी सात घरे पाहिली, आणि त्यांतली पाच मला बालवाडीच्या बाई, बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात नंबर लावणाऱ्या ताई आणि शाळेची मुले ने-आण करणारे एक रिक्षावाले दादा यांनी सांगितली. रिक्षावाल्यांना विचारा, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. कोणत्या घरासमोर मूल रडत उतरते आणि कोणत्या घरासमोर उडी मारून उतरते, हे ते रोज पाहतात.

पहिल्यांदा मी निवडले ते ठिकाण दिसायला फार नेटके होते. भिंतीवर रंगवलेली चित्रे, खाली मऊ गाद्या, दारावर कॅमेरा. मला ते पुण्यासारखे वाटले आणि म्हणूनच मी भुलले असावे. आठव्या दिवशी मी बँकेच्या कामाने त्या बाजूला गेले होते आणि भर दुपारी अचानक आत डोकावले, तर चौदा मुले दूरदर्शन संचासमोर ओळीने बसवलेली होती, सांभाळणारी एकच मुलगी होती आणि धाकट्याला सकाळी मी घातलेले लंगोट तसेच ओले होते. कोणाला दोष देऊन काही साधत नाही, कारण ती मुलगीही सतरा-अठरा वर्षांची असेल आणि चौदा मुलांपुढे ती तरी काय करणार. पण मी त्याच संध्याकाळी मुलाला काढून घेतले आणि पुढचे चार दिवस रजा टाकून पुन्हा पहिल्यापासून शोध सुरू केला. तेव्हापासून मी कोणालाही सांगते, की पाळणाघर बघायला वेळ ठरवून जाऊ नका, दुपारी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान न सांगता जा. जेवणे आटोपून मुले पेंगुळलेली असतात आणि सांभाळणारे माणूसही थकलेले असते, अशा वेळी घराचे खरे रूप दिसते.

सध्या मुले ज्या काकूंकडे असतात त्यांचे घर जुन्या वळणाचे आहे. जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचे कुंपण, पुढे अंगण, मग पडवी आणि आत माजघर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला पाणी दिले आणि मी काही विचारायच्या आत त्यांनीच प्रश्न सुरू केले. मुलगा कोणत्या कुशीवर झोपतो, भात कालवून लागतो की वरण वेगळे, ताप चढला की त्याला झटके येतात का, कोणाची हाक तो लगेच ओळखतो. मग त्यांनी विचारले, "झोप आली की तो काय म्हणतो?" मला क्षणभर काही सुचेना. धाकट्याला झोप आली की तो 'झोप' हा शब्द उच्चारतच नाही, तो म्हणतो, "अंधार कर." पुण्यात तो दिवसाही पडदा ओढून झोपत असे, त्यातून आलेले ते बोलणे. हे मी सांगितल्यावर काकूंनी माजघराच्या खिडकीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तिथे जुने लुगडे लावू, म्हणजे झाला अंधार." माझा निर्णय त्या क्षणीच झाला. अर्थात त्यानंतरही मी बाकीच्या गोष्टी नीट तपासल्या, कारण माणूस प्रेमळ असणे आणि जागा सुरक्षित असणे या दोन्हींची खात्री वेगवेगळी करून घ्यावी लागते.

कोकणातील घरात काय तपासावे हे पुण्याच्या अनुभवातून कळत नाही. पहिली गोष्ट विहीर. इथे परसात विहीर असतेच, आणि कठडा कमरेएवढा असला तरी चार वर्षांचे मूल बादलीवर पाय देऊन चढू शकते. काकूंच्या विहिरीवर लोखंडी जाळी आहे आणि तिला कुलूप आहे, पण ते मी स्वतः हलवून पाहिले. दुसरी गोष्ट साप. फुरसे हा विषारी साप रत्नागिरीच्या कातळांत आणि गडग्यांच्या फटींत पूर्वीपासून आढळतो, तो आकाराने लहान असतो आणि सहज नजरेत येत नाही. त्यामुळे मुलांच्या चपला जमिनीवर ठेवतात की उंच फळीवर, पावसाळ्यात त्या झटकून देतात का, पडवीच्या कडेला लाकडांचा आणि नारळाच्या झावळ्यांचा ढीग आहे का, हे विचारावे आणि जिल्हा शासकीय रुग्णालय तिथून किती मिनिटांवर आहे तेही बघून ठेवावे. तिसरी गोष्ट वीज. जोराचा पाऊस झाला की वीज जाते, कधी कधी तासन्‌तास येत नाही, तेव्हा पाणी उकळायची आणि उजेडाची सोय काय, हा प्रश्न लहान मुलांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. मासळीचे जेवण असेल तर काटे कोण काढून देते, हेही मी विचारले. काकू मुलांना मऊ भात, तूप-मेतकूट, आमटी आणि सकाळच्या मुलांना पेज देतात. मासे फक्त मोठ्यांच्या ताटात.

या घरगुती पाळणाघरांवर सरकारी देखरेख फारशी नसते, म्हणून आईवडिलांनीच थोडे कागदी काम करावे असे मला वाटते. आम्ही एका वहीत मुलांचे रक्तगट, डॉक्टरांचा नंबर, कोणकोणत्या व्यक्तींना मूल नेता येईल त्यांची नावे आणि छायाचित्रे चिकटवून दिली आहेत. महिन्याचे पैसे, सुट्टीचे पैसे आणि उशीर झाल्यास काय करायचे, हेही तिथेच लिहिले आहे. काकूंना आधी हे परकेपणाचे वाटले. चार दिवसांनी त्यांनीच बाकीच्या मुलांच्या वह्या करून घेतल्या.

नोकरी करणाऱ्या आयांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये जी सुधारणा झाली, तिने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला भेटता येते. लहान शाखांमध्ये एवढे कर्मचारी नसतात. तरीही एमआयडीसीत किंवा मोठ्या कंपनीत रुजू होणाऱ्यांनी हा प्रश्न नेमणुकीच्या वेळीच लेखी विचारावा, कारण मागणारे कोणी नसले की सोय कागदावरच राहते.

धाकट्यासाठी मी अंगणवाडीतही नाव घातले, आणि हे ऐकून माझ्या पुण्यातल्या मैत्रिणींना नवल वाटले. आमच्यासारख्या पगारदार घरांत अंगणवाडी ही आपल्यासाठी नाही असा समज पक्का बसलेला आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, आणि सहा वर्षांखालील मुलांचे वजन-उंची घेणे, लसीकरणाची आठवण ठेवणे, पूरक आहार देणे आणि तीन ते सहा वयाच्या मुलांना खेळातून शिकवणे ही कामे अंगणवाडी सेविका आणि मदतनीस तेव्हापासून करत आल्या आहेत. बाहेरून आलेल्या कुटुंबाला तर या नोंदणीचा फारच उपयोग होतो. आमच्या सेविका ताई पहिल्या आठवड्यातच घरी येऊन गेल्या, माता व बाल संरक्षण कार्ड तपासून पुढच्या लसी कधी ते सांगून गेल्या आणि आसपास कोणाकडे लहान मुले आहेत तेही त्यांच्याकडूनच कळले. नव्या गावात एवढी ओळख मला दुसऱ्या कोणीही करून दिली नाही.

आणि अंगणवाडी ही कल्पना या किनाऱ्याला मुळीच परकी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले, त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या आणि 1957 पासून ते काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर चालले. आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पाने, माती हेच शिक्षणाचे साहित्य केले. धाकट्याच्या अंगणवाडीत मी पाहिले तेव्हा सेविका ताई काजूच्या बिया मोजायला देत होत्या आणि एका मुलीने सुरंगीची फुले रंगाप्रमाणे लावायचा हट्ट धरला होता. मला कोसबाडची आठवण झाली. महागड्या लाकडी खेळण्यांनी भरलेली नर्सरी मी नाकारत नाही, पण तीन वर्षांच्या मुलाला हाताला लागेल ते मोजायला मिळाले तर तेही उत्तम शिक्षण आहे, असे मी मनापासून मानते. सध्या तो सकाळी अंगणवाडीत जातो, मदतनीस ताई त्याला साडेअकराला काकूंच्या फाटकाशी सोडतात, आणि पुढच्या वर्षी त्याला बालवाडीत घालायचे आहे. वयाचा हिशेब इथे नीट करावा लागतो. महाराष्ट्रात प्रवेशासाठी वय 31 डिसेंबरला मोजतात, त्या तारखेला मुलाला नर्सरीसाठी तीन आणि पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. परराज्यातून येणाऱ्यांच्या मुलांचे याच नियमामुळे कधी कधी एक वर्ष मागे-पुढे होते.

आता शाळेविषयी. मुलगी पुण्यात सीबीएसईच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होती. सीबीएसईचे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते, राज्य मंडळाचे जूनच्या मध्यावर, त्यामुळे मी आले तेव्हा सीबीएसईच्या शाळांत तिसरीचे दोन महिने होऊन गेले होते आणि राज्य मंडळाच्या शाळा नुकत्याच उघडत होत्या. ज्यांच्या बदल्या दर तीन वर्षांनी वेगवेगळ्या राज्यांत होतात त्यांनी मंडळ सहसा बदलू नये, हे मी मान्य करते. आमच्या बाबतीत दोघांच्याही नोकऱ्या महाराष्ट्रातच राहणार आहेत. म्हणून बऱ्याच विचारानंतर आम्ही मुलीला मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत घातले, जिथे पाचवीपासून सेमी इंग्रजी आहे. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. माझ्यासाठी महत्त्वाचे होते ते वेगळेच. काकूंच्या घरापासून ही शाळा चालत सात मिनिटांवर आहे, वर्गात मुले मोजकी आहेत आणि वर्गशिक्षिका मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या की गणवेश सावकाश शिवा, मूल आधी रुळू दे.

माध्यम बदलण्याचा त्रास झाला नाही असे मी म्हणणार नाही. पहिले दोन महिने गणिताचे अवघड गेले. तिला बेरीज येत होती, पण 'हातचा' म्हणजे काय ते कळत नव्हते, कारण तिच्या डोक्यात तो 'कॅरी' होता. एके दिवशी बाईंनी तिला उभे करून सांगितले, की दहा झाले की एक हातात धर आणि पुढच्या घरात नेऊन ठेव. ती घरी येऊन मूठ बंद करून मला दाखवत होती, "आई, हा बघ हातचा." त्या दिवसापासून तिची गाडी रुळावर आली. मराठी वाचनाला मात्र वर्ष लागले. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, पण आठवड्याला काही तास मराठी असणे आणि दिवसभर मराठीत शिकणे यांत पुष्कळ अंतर आहे.

प्रवेशाच्या वेळी सर्वांत मोठी अडचण आली ती दाखल्याची. पुण्याच्या शाळेने संपूर्ण वर्षाचे शुल्क भरल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला देणार नाही असे सांगितले, आणि मी तीन आठवडे विनवण्या करण्यात घालवले. शिक्षण हक्क कायदा मी आधी वाचला असता तर हे आठवडे वाचले असते. 2009 चा हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि त्याच्या पाचव्या कलमात म्हटले आहे की मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत जात असेल तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू शकत नाही किंवा नाकारू शकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून, किंवा वर्ष सुरू होऊन गेले म्हणून, सहा ते चौदा वयाच्या मुलाला परत पाठवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा-मुलाखत घेणे आणि देणगी मागणे निषिद्ध आहे. आमच्या इथल्या मुख्याध्यापिकांना हे सगळे तोंडपाठ होते. त्यांनी जन्मदाखला आणि आधार पाहून मुलीला त्याच दिवशी वर्गात बसवले, आणि सरल या राज्याच्या विद्यार्थी-नोंदणी प्रणालीतून पुण्याच्या शाळेकडे ऑनलाइन विनंती पाठवली. मुलाचा सरलचा क्रमांक आणि यू-डायस प्लस या देशपातळीवरील शाळा-नोंदणीतील कायम शिक्षण क्रमांक जुन्या प्रगतिपुस्तकावर आहे का ते गाव सोडण्यापूर्वी बघून घ्यावे. तो नसला की नव्या शाळेतील बाईंचे काम उगाच वाढते.

खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित गटांतील मुलांसाठी असलेल्या 25 टक्के राखीव जागांविषयी मला बऱ्याच जणांनी विचारले. ते प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात आणि अर्ज शाळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी भरून घेतले जातात, शिवाय राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. जूनमध्ये येणाऱ्याला त्या वर्षी तो मार्ग बहुधा बंद झालेला असतो.

शहराबाहेर राहणाऱ्यांनी जिल्हा परिषदेची शाळा बघितल्याशिवाय सोडू नये. आमच्या बँकेतील एक सहकारी गावाकडच्या शाखेत आहेत आणि त्यांचा मुलगा वाडीवरच्या शाळेत जातो. पटावर सतरा मुले, दोन गुरुजी, तीन इयत्ता एका खोलीत. ऐकताना हे कमीपणाचे वाटते, पण तिसरीतला त्यांचा मुलगा चौथीचे पाठ कानावर पडून पडून आधीच शिकला आहे. अडचण आहे ती पटसंख्येची. वाड्यांवरची माणसे मुंबईला गेली की शाळा ओस पडतात, आणि घर घेताना या शाळेत पुढची तीन वर्षे वर्ग चालू राहतील का, हे मुख्याध्यापकांना मोकळेपणाने विचारणे भाग आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्यापैकी एखाद्याला भेटले की शाळेचे खरे चित्र समजते. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचा पोषण आहार मिळतो, आणि शाळा सुटल्यावर थेट पाळणाघरात जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही सोय लहान नाही. माझी मुलगी खिचडी खाऊन येते, त्यामुळे काकूंवर पहिल्या जेवणाचा भार पडत नाही.

कोणत्याही शाळेत सखी सावित्री समिती आहे का आणि तिच्यात पालक कोण आहेत, हे विचारण्यात संकोच करू नये. राज्य सरकारने 2022 मध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी ही समिती करायला सांगितली. मी हा प्रश्न केला तेव्हा एका शाळेत कोणालाच उत्तर देता आले नाही, दुसरीत भिंतीवरचा फलक दाखवला, आणि मुलगी ज्या शाळेत आहे तिथे समितीतल्या एका पालकांचा नंबर लगेच मिळाला. 1098 हा मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलीला पाठ करून घेतला आहे.

पावसाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. गणवेशाचे तीन जोड लागतात, कारण दोन वाळत नाहीत. बुटांऐवजी पावसाळी सँडल चालतात का, हे शाळेला आधीच विचारावे. घर आणि पाळणाघर यांच्यामध्ये ओढा किंवा पऱ्या असेल तर जुलैमध्ये त्याचे पाणी रस्त्यावर येते का, हे दुकानदाराला विचारावे. उन्हाळ्यात तो कोरडा दिसतो. रिक्षात किती मुले बसवतात ते स्वतः मोजावे. एस.टी.ची शहर बससेवा मोठ्या मुलांना सोयीची आहे, तिसरीच्या मुलीला एकटीने पाठवायला माझे मन धजत नाही.

हवामान खात्याने रेड अलर्ट दिला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात. बातमी कधी आदल्या रात्री येते, कधी पहाटे. बँकेला मात्र सुट्टी नसते. पाळणाघर ठरवताना हा प्रश्न मला सुचला नव्हता, काकूंनीच तो काढला. त्या म्हणाल्या, "सुट्टी पडली की मुले माझ्याकडेच येणार ना, मग तांदूळ जास्त भिजवते." अशा दिवसांचे वेगळे पैसे त्या घेत नाहीत, आम्ही ते दिवाळीला एकदम देतो.

सुट्ट्यांचे वेळापत्रकही इथे निराळे आहे. गणपतीत सगळे कोकण थांबते. शाळेला मोठी सुट्टी असते आणि पुण्याच्या मानाने दिवाळीची सुट्टी त्या हिशेबाने लहान होते. काकूंच्या घरी गणपती असल्यामुळे त्यांच्याकडेही ते दिवस बंद, शिमग्याला पालखी येते तेव्हाही बंद. नवीन आलेल्या नोकरदारांनी आपली रजा दिवाळीसाठी न ठेवता भाद्रपदासाठी राखावी, हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. उन्हाळ्यात तर सगळा हिशेबच बदलतो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सरकारने 2024 मध्ये सांगितले असले, तरी मार्चनंतर उकाड्यामुळे सकाळची शाळा होते आणि मूल साडेअकरा-बाराला मोकळे होते. त्याच दिवसांत आंब्याचा हंगाम असतो, पुष्कळ बायका पेट्या भरण्याच्या आणि कॅनिंगच्या कामाला जातात, त्यामुळे मदतीला माणूस मिळणे कठीण होते.

मे महिन्यात काकू पंधरा दिवस माहेरी देवगडला जातात. पहिल्या वर्षी मी त्यासाठी साताऱ्याहून आईला बोलावले होते, पण तिचे गुडघे आता घाट चढू-उतरू देत नाहीत. यंदा काकूंकडे मुले ठेवणाऱ्या आम्ही पाच आयांनी मिळून तीन-तीन दिवस वाटून घेतले आहेत. जिचा वार तिची रजा, आणि मुले तिच्या घरी. माझा वार पहिला आहे, चार मेपासून. मुलीने त्या तीन दिवसांचे जेवण आधीच ठरवून ठेवले आहे, आणि धाकट्याने माजघराचे लुगडे मागून आणायला सांगितले आहे.